बाण कुठे बघतो

भोंगा वाजला तेव्हा पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? बर्फाच्या कारखान्यात अमोनिया गळायला लागला होता, आणि नेमक्या त्याच संकटासाठी मी काढलेलं चित्र आजूबाजूच्या प्रत्येक घरात चिकटवलेलं होतं. आज ते कामाला येणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

मी माहितीची चित्रं काढते. लोक त्याला इन्फोग्राफिक म्हणतात, माझी ताई ‘तुझी रंगीत पत्रकं’ म्हणते. कारखान्याने सूचनांचं जाडजूड पुस्तक छापलं होतं. ते कोण वाचणार? जीव मुठीत धरून पळणारा माणूस तर नाहीच नाही. त्या पुस्तकाचं एक पान करायचं, तेही असं की डोळे चुरचुरत असताना, कडेवर मूल असताना एका नजरेत कळलं पाहिजे, हा माझा धंदा. आणि या धंद्यात मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

त्या दुपारी मी नगरपालिकेच्या नियंत्रण कक्षात दुसऱ्याच एका चित्राचा कच्चा आराखडा दाखवायला गेले होते. कक्षाच्या प्रमुखांना सगळे मेजर म्हणतात. सैन्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही, पण चहासुद्धा ते हुकूम सोडल्यासारखा मागवतात. भोंगा झाला आणि मेजर खुर्चीतून उठून भिंतीवरच्या कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर उभे राहिले. मी खिडकीशी गेले.

खिडकीतून पाण्याची उंच टाकी दिसते. ती कारखान्याला लागूनच आहे. टाकीच्या माथ्यावर वाऱ्याचा लोखंडी बाण आहे, आणि माझं सगळं चित्र त्या बाणावर उभं होतं. भोंगा झाला की आधी टाकीकडे बघायचं. बाण आपल्या घराकडे असेल तर चित्रातली लाल चौकट: घरातच थांबा, दारं-खिडक्या लावा, फटींत ओली फडकी कोंबा. बाण घराच्या उलट दिशेला असेल तर हिरवी चौकट: बाहेर पडा, आपल्या बाजूच्या मैदानात जमा, बसगाड्या येतील. बस्स, एवढंच. शाळेतल्या पोरांना दाखवलं, दुकानदारांना दाखवलं, अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्यांना दाखवलं. सगळ्यांनी फटाफट बरोबर सांगितलं. तळाशी एक ओळ मी भांडून घातली होती: ‘ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. फक्त बाण बघा.’

बाण टेकडीच्या बाजूला होता, नदीच्या बरोबर उलट. म्हणजे नदीकडची वस्ती हिरव्यात. माझा जीव भांड्यात पडला, कारण ताई नदीकडे राहते, मैदानाला लागूनच्या इमारतीत. भावजी जहाजावर नोकरीला, त्यामुळे घरात ती आणि तिची सात वर्षांची लेक. त्या पोरीला आम्ही मुंगी म्हणतो. साखरेचा डबा कुठेही लपवा, ती पोचतेच.

मुंगीला माझं चित्र तोंडपाठ होतं. मी गेले की दारातूनच ओरडायचे, “भोंगा!” की ही खिडकीकडे धावणार, बाण बघणार आणि छाती फुगवून ‘लाल’ किंवा ‘हिरवं’ म्हणणार. मग माझ्याकडून गोळी. ताई डोक्याला हात लावायची. “हिला पाढे येत नाहीत, पण तुझा बाण येतो.”

ताईचं माझ्याबद्दल एक ठाम मत आहे. ही बाई मेली तरी ‘चुकले’ म्हणणार नाही. लहानपणी माझ्या हातून दूध उतू गेलं तेव्हा मी आईला म्हणाले होते, पातेलंच लहान होतं. ताईने ते पातेलं अजून जपून ठेवलंय. मी कुठल्याही गोष्टीवर हुज्जत घालायला लागले की ती नुसतं म्हणते, “पातेलं लहान होतं का गं?”

मी तिला फोन लावला. लागेना. अख्खं गाव फोन लावत असणार.

“या, बघा तुमची करामत,” मेजर म्हणाले.

पडद्यावर मैदान दिसत होतं. माणसं येत होती, आणि काय शिस्तीत येत होती! धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. बाया पोरांचे हात धरून, म्हातारे काठ्या टेकत. मधूनच कुणीतरी टाकीकडे बोट दाखवायचं आणि बाकीचे माना डोलवायचे. गर्दीच्या कडेला मला पिवळी टोपी दिसली. मुंगीची टोपी, मीच आणलेली. शेजारी ताई, खांद्याला पिशवी. मला इतकं हायसं वाटलं की मी पडद्यासमोर वेड्यासारखा हात हलवला.

पुन्हा खिडकीशी आले, फोन लागतोय का बघायला. समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी कपडे वाळत होते. दोरीवर एक निळी चादर होती, आणि वारा तिला ओढून ओढून नेत होता. नदीकडे.

मी बाणाकडे पाहिलं. टेकडीकडे. चादरीकडे पाहिलं. नदीकडे. शेजारच्या दोरीवरचे शर्ट, टॉवेल, एका बाळाची झबली, सगळं नदीकडे फडफडत होतं. बाण गंजून अडकला असेल, असं मी मनाला समजावत होते, तोच तो जरासा हलला, डुलला आणि पुन्हा टेकडीकडे स्थिर झाला. अडकलेला नव्हता. चांगला फिरत होता.

मग मला आठवलं.

टाकीवर आधी बाण नव्हताच. आधी तिथे कापडाची लांब नळी होती, वाऱ्याने फुगणारी. मी मूळ चित्र काढलं ते त्या नळीचं. तिचं शेपूट वारा जातो तिकडे उडतं. शेपूट घराकडे म्हणजे विषारी हवा घराकडे. उन्हाने आणि कावळ्यांनी त्या कापडाच्या चिंध्या केल्या, तेव्हा पाणीखात्याने तिथे लोखंडी बाण बसवला. त्यांच्या इंजिनिअरने मला फोटो पाठवला: ‘तेवढं चित्र बदलून द्या.’ मी नळी पुसली आणि तिच्या जागी बाण ठेवला. चौकटी त्याच, रंग तेच. जेवणाच्या सुट्टीआधी काम उरकलं, आणि वर स्वतःलाच शाबासकी दिली की आता किती सुटसुटीत दिसतंय.

पण लोखंडी बाणाचं शेपूट रुंद असतं. वारा त्या शेपटाला ढकलतो, म्हणून टोक वळतं ते वारा जिथून येतो तिकडे. बाण वाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. तो उलटा नव्हता. माझं चित्र उलटं होतं.

टेकडीवरची माणसं दारं-खिडक्या लावून उगाच कोंडून बसली होती. आणि जिकडे विष चाललं होतं, तिकडची माणसं मी हिरव्या रंगाने घराबाहेर काढून उघड्या मैदानात उभी केली होती. माझी ताई. माझी मुंगी. सगळ्यांना चित्र कळलं होतं, हेच तर भयंकर होतं.

“मेजर,” मी म्हणाले. “मेजर, त्यांना घरात पाठवा.”

“काय?”

“चित्र चुकलंय. हवा मैदानाकडे चाललीय. ती चादर बघा!”

त्यांनी चादर पाहिली, बाण पाहिला, माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “आता सांगताय? माणसं बाहेर आल्यावर? आणि आता तुम्ही चुकत असाल तर?”

“नाही चुकत!” मी किंचाळले. “मैदानाला स्पीकर आहेत ना? बोला, आत्ता बोला!”

मेजरांनी माइक ओढला. “सर्व नागरिकांना सूचना. मैदानात थांबू नये. ताबडतोब जवळच्या घरात, इमारतीत जावे व दारे-खिडक्या बंद कराव्यात.”

पडद्यावर गर्दी थबकली. सगळ्यांनी एकदम वर, टाकीकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. आणि कुणी हललं नाही. एका आजोबांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, उलगडला, आणि शेजारच्याला तळाशी बोट ठेवून दाखवलं. माझा कागद. ती ओळ मी भांडून घातलेली होती. ऐकीव गोष्टींवर जाऊ नका.

मेजरांनी पुन्हा सांगितलं, या वेळी ओरडून. दोन-चार जण वळले, थांबले, परत आले. पडद्याच्या कारखान्याकडच्या कोपऱ्यात काहीतरी धुरकट जमिनीलगत सरकत होतं. त्या बाजूची माणसं नाकाला पदर, रुमाल लावायला लागली होती.

मी मेजरांच्या हातातून माइक हिसकावला.

“ऐका! ते चित्र मी काढलंय. तुमच्या घरात जे चिकटवलंय ते. ते चुकीचं आहे. मी चुकले. बाण बघू नका, तो कागद फेकून द्या, घरात पळा! वास तुमच्याकडे येतोय!”

माझाच आवाज खिडकीबाहेरून घुमत परत आला, परक्या बाईचा असावा तसा. गर्दीत चुळबुळ झाली. बरीच माणसं वळली. पिवळी टोपी मात्र जागची हलली नाही. ताई वाकून तिचा हात ओढत होती आणि ती पाय रोवून टाकीकडे बोट दाखवत होती. ताईही थांबली. तिनेही वर पाहिलं. तिला बाण दिसत होता, टेकडीकडे, चित्राप्रमाणे अगदी बरोबर.

काय सांगितलं म्हणजे पटेल? कुठलं चित्र दाखवू आता?

“ताई,” मी म्हणाले, आणि माझं रडू सगळ्या गावाने ऐकलं. “ताई, पातेलं लहान नव्हतं गं. चांगलं मोठं होतं. दूध मीच उतू घालवलं. मी चुकले, ताई. मुंगीला उचल आणि पळ!”

मेजर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असणार, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

पडद्यावर ताई ताठ उभी राहिली. खांद्यावरची पिशवी तिने फेकून दिली. हातपाय झाडणाऱ्या मुंगीला उचललं आणि धावत सुटली. टोपी खाली पडली. मागून तो धुरकट पट्टा येत होता, आणि मग पडद्यावर सगळंच दुधाळ झालं. धावणारी पाठ दिसली, दिसेनाशी झाली. ती दारापर्यंत पोचली की नाही ते मला दिसलं नाही.

फोन लावत राहिले. लागत नव्हता. मेजर रुग्णवाहिका सोडत होते, कारखान्यावर ओरडत होते. कुणीतरी माझ्यापुढे पाणी ठेवलं, ते तसंच राहिलं. मी पडद्याला नाक लावून त्या पांढऱ्यात पिवळं काही दिसतंय का शोधत होते. मैदान हळूहळू दिसायला लागलं तेव्हा तिथे चपला होत्या, काठी होती, माझे कागद होते. टोपी होती. बाकावर दोन माणसं आडवी पडलेली होती आणि रुग्णवाहिकेवाले त्यांच्याकडे धावत होते.

फोन वाजला.

“आहोत,” ताई म्हणाली आणि खोकत राहिली. “तळमजल्यावरच्या लोकांनी आत घेतलं. डोळ्यांची आग होतेय. पण आहोत.”

मी फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला.

“तो माणूस बोलला तेव्हा कुणी हललं नाही बघ. मीही नाही. मग तू बोललीस, तर ही पोरगी म्हणते, ही मावशी नाहीच. मावशी कधी ‘चुकले’ म्हणत नाही. तोतया आहे कुणीतरी.” ताई पुन्हा खोकली. “मलाही तेच वाटलं. मग पातेल्याचं बोललीस. म्हटलं, ही बया गावासमोर पातेलं कबूल करतेय, म्हणजे मरण अगदी दारात उभं आहे.”

मग फोन मुंगीने घेतला. आवाज पार घोगरा झाला होता.

“मावशी, मला इथल्या खिडकीच्या काचेतून टाकी दिसतेय. बाण फिरला. आता आपल्याकडे बघतोय.” ती थांबली. “म्हणजे लाल ना? की आता हिरवं?”

मी मान वर करून पाहिलं. खरंच फिरला होता. समोरची चादर आता टेकडीकडे उडत होती. उत्तर मला येत होतं, अगदी पक्कं येत होतं. पण ओठांवर येईना.

“तू खिडकीपासून लांब हो,” मी म्हणाले. “आईला घट्ट धरून बस. दुसरं कुणीतरी येऊन सांगेपर्यंत उठू नकोस.”