पाहुण्यांसाठी उघडं

एलोफचा फोन आला तेव्हा गुन्वोर हेडलोफ न्याहारी करत होती. एलोफ चौऱ्याऐंशी वर्षांचा शेतकरी. फोनवर त्याचं बोलणं दोन वाक्यांच्या पुढे कधी गेलं नव्हतं आणि आजही गेलं नाही. त्याच्या रानात खड्डे पडलेत, येऊन बघ, एवढंच सांगून त्यानं फोन ठेवला.

ओढ्याच्या वरच्या अंगाला, भूर्जांच्या सावलीत दर जूनमध्ये दुर्मिळ ऑर्किडची पिवळी, सपातीच्या आकाराची फुलं यायची. तिथं आता चौदा खड्डे होते. खणणाऱ्यांना घाई नव्हती. धारदार फावड्यानं गोल कापून, मुळांसकट मातीचे गड्डे अलगद उचलून नेले होते. बी पडल्यापासून पहिलं फूल यायला दहा-पंधरा वर्षं लागतात, हे गुन्वोरला ठाऊक होतं. नेणाऱ्यांनाही असणार.

एलोफ काठीवर भार देऊन उभा होता. "ही जागा दोघांनाच माहीत होती," तो म्हणाला. "मला आणि तुझ्या त्या कॉम्प्युटरला."

गुन्वोरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती गाडीत बसली आणि थेट रानफुलांच्या नोंदी ठेवणाऱ्या वनस्पती मंडळाच्या खोलीवर गेली.

जुन्या दूधसंघाच्या इमारतीतल्या त्या खोलीत एकच कॉम्प्युटर होता आणि त्यात तिची सव्वीस वर्षं होती. जमीन मोजणीच्या कचेरीत नोकरी करता करता तिनं तो डेटाबेस उभा केला होता. आधी बुटांच्या खोक्यांतली मंडळाची जुनी नोंदकार्डं उतरवून काढली, मग रानोरान हिंडून नवीन नोंदी घातल्या. कुठलं फूल, किती रोपं, कुठल्या वर्षी, कुणाच्या जमिनीत आणि अगदी मीटरपर्यंत कुठं. जागा दाखवणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला तिनं शब्द दिला होता की ही माहिती या खोलीबाहेर जाणार नाही.

गेल्या हिवाळ्यात मंडळाचा अध्यक्ष स्टाफान ब्रोलिन म्हणाला की सभासदांना घरबसल्या नोंदी बघता आल्या पाहिजेत. गुन्वोर नाही म्हणाली नाही. तिचे गुडघे दुखायला लागले होते आणि आपल्यामागे हे कोण बघणार, हा प्रश्न तिलाही छळत होता. तीन आठवडे खपून तिनं तो डेटाबेस इंटरनेटवरून उघडेल अशी सोय केली. साध्या पासवर्डनं फक्त फुलाचं नाव आणि वर्ष दिसायचं. जागा दिसायची ती दुसऱ्या पासवर्डनं, आणि तो स्टाफान धरून चौघांकडेच होता. पासवर्डशिवाय कुणालाही आत येऊ देणारं 'पाहुणा' नावाचं खातं त्या प्रोग्रॅममध्ये आयतंच होतं. ते तिनं सगळ्यात आधी बंद केलं होतं.

आता ते चालू होतं. नऊ मेपासून, सगळ्या अधिकारांसकट. कोण कधी आत आलं त्याच्या यादीत एका दुपारी कुणी तरी सगळाच्या सगळा तक्ता उतरवून घेतल्याची नोंद होती.

तिनं भिंतीतून इंटरनेटची केबल उपटली आणि स्टाफानला बोलावून घेतलं.

तो सायकलचं हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून आला. लपवाछपवी त्यानं केली नाही. सभासद पासवर्ड विसरतात, मग रोज त्यालाच फोन करतात, म्हणून त्यानं पाहुण्याचं खातं उघडलं होतं. एवढ्यानं काय होणार, असं त्याला वाटलं.

"मला का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं, स्टाफान."

मग तो समजावायला लागला. ज्ञान सगळ्यांचं असतं, एका चोरासाठी सगळ्यांना दार लावून घेणं बरं नाही, पोलिसांत तक्रार देऊ, बाकीचं गुरुवारच्या बैठकीत ठरवू. बोलता बोलता त्यानं केबल उचलून पुन्हा भिंतीकडे नेली. गुन्वोरनं ती त्याच्या हातातून काढून घेतली, कॉम्प्युटर उचलला आणि काखेत मारला.

"तो मंडळाचा आहे," तो म्हणाला.

"असेल. शब्द मी दिला होता."

पुढचे आठ दिवस ती गाडी घेऊन फिरली. डेटाबेसमध्ये एक्केचाळीस जमीनमालक होते. प्रत्येकाच्या दारात उभं राहून तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. आणखी तीन ठिकाणी खड्डे निघाले. ट्यूरा नावाच्या बाईनं पूर्ण ऐकून घेतलं आणि तोंडावर दार लावलं. काहींनी कॉफी केली, आणि ते तिला जास्त जड गेलं.

बैठकीत स्टाफाननं लिहून आणलेली दिलगिरी वाचली. त्यात 'तांत्रिक चूक' असे शब्द होते. गुन्वोर उठली. तिचा आवाज चढला नाही.

"ते खातं आपोआप उघडलं नाही," ती म्हणाली. "तू उघडलंस. इतिवृत्तात तुझं नाव लिहा. आणि त्याच्याखाली माझंही. मी ते खोलीबाहेर काढायला तयार झाले नसते, तर तुला उघडायला काही सापडलंच नसतं."

अध्यक्ष बदलावा म्हणून कार्यकारिणीतल्या पाचांपैकी तिघांनी हात वर केले. स्टाफान अध्यक्षपदावरून गेला. दुकानात भेटला की तो अजून मोठ्यानं नमस्कार करतो. ती उत्तर देत नाही.

ऑगस्टमध्ये पोलिसांचं पत्र आलं, तपास थांबवल्याचं. गुन्वोरनं फोन लावला. पलीकडच्या बाईनं विचारलं, रोपंच ना गेली? त्यावर गुन्वोर वीस मिनिटं बोलत राहिली आणि त्या बाईला फोन ठेवू दिला नाही. त्यातून काही निघालं नाही.

शरदात डेटाबेस पुन्हा सुरू झाला, पण जागांचा रकाना त्यातून तिनं कायमचा काढून टाकला होता. ती माहिती तिनं कागदांवर छापली आणि ज्याचा कागद त्याला नेऊन दिला. ठेवायचा की फाडायचा, ते त्यानं ठरवायचं.

एलोफनं त्याचा कागद चष्मा लावून वाचला आणि चुलीत घातला. तो जळेपर्यंत दोघंही चुलीपाशी उभे होते.

"काका, माझं चुकलं," ती म्हणाली.

"सांगायला आलीस, बरं केलंस," एलोफ म्हणाला. "पण आता रानात येऊ नकोस."

ती गेली नाही. पुढच्या जूनमध्येही नाही.