बिराजदार मॅडमच्या पाठीमागे

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी नऊच्या तासाला शैलजा बिराजदार वर्गात शिरली तेव्हा फळ्याच्या जागी तिचं माहेर होतं. चिंचोडीतलं दोन खोल्यांचं घर, पुढे पत्र्याची पडवी, अंगणात कडुलिंब, त्याखाली बाज, आणि कुडापलीकडून गेलेला डांबरी रस्ता. हे घर वडील वारल्यावर विकलं होतं. घेणाऱ्याने ते पाडून तिथे पिठाची गिरणी घातली होती. बाजेवर शैलजाची धाकटी बहीण महानंदा तांदूळ निवडत बसली होती. महानंदाला जाऊन चोवीस वर्षं होत आली होती. तिला नववा महिना लागल्याचं लांबूनही कळत होतं.

वर्गात एकशेवीस मुलं होती. नीटची परीक्षा तेहतीस दिवसांवर आलेली, त्यामुळे नसत्या गोष्टीत कुणाला रस नव्हता. पहिल्या बाकावरच्या आफ्रीनने तेवढं विचारलं, "मॅडम, आकृती कशावर काढणार?"

"आज तोंडी घेऊ," शैलजा म्हणाली.

ती अंगणाकडे पाठ करून उभी राहिली आणि तिने श्वसनसंस्था शिकवायला घेतली. कडुलिंबाचा मोहोर तिच्या खांद्यावर गळत होता. मधेच आवाज खाली आणून तिने मागे न बघता हाक मारली, "महानंदा." महानंदाने मान वर केली नाही. सुपातला खडा काढून तिने अंगणात टाकला. तो घरंगळत शैलजाच्या टाचेपाशी येऊन थांबला.

त्या आठवड्यात लातूरच्या त्या क्लासमधल्या सगळ्याच शिक्षकांच्या पाठीमागे त्यांचं त्यांचं काहीतरी येऊन उभं राहिलं. रसायनशास्त्राच्या देशमाने सरांमागे बार्शीतलं औषधांचं दुकान आलं. तीनदा वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा देऊनही नंबर लागला नाही, तेव्हा ते तिथे वडिलांच्या हाताखाली उभे राहिले होते. आता वडील त्या काउंटरमागे स्टुलावर बसून एकेक चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचत, आणि देशमाने सर त्यांच्यापुढे उभे राहून मोलची गणितं सोडवायला शिकवत.

क्लासचे मालक हत्तरगे सर यांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या स्वतःच्या खुर्चीमागची भिंत पांढरी स्वच्छ होती. तिला ताज्या रंगाचा वास येत होता.

"पालक येतात, शिक्षकांचा बॅकग्राउंड विचारतात," हत्तरगे सर म्हणाले. "माहितीपत्रकात आपण दिलेलाच आहे. बिराजदार मॅडम, एम.एस्सी. प्राणिशास्त्र, शिकवण्याच्या ओढीने वैद्यकीय शिक्षण नाकारलं. इतकं पुरे. पाठीमागे घरदार कशाला? मी पेंटर सांगितलाय. रोज एक वर्ग घेईल."

"मी नाकारलं नव्हतं, सर," शैलजा म्हणाली. "माझा नंबर लागला नव्हता."

"ते कोण बघायला जातंय," हत्तरगे सर म्हणाले.

देशमान्यांचा वर्ग आधी रंगवून झाला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ते तिच्या शेजारी चहा घेत बसले होते. चेहरा टवटवीत होता.

"काही होत नाही, मॅडम. उलट हलकं वाटतं," ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढून तिच्यापुढे धरला. "फक्त हा एक नंबर बघा. बाबा म्हणून सेव्ह आहे. रोज दुपारी फोन येतो. कोण असेल?"

"उचललात?"

"उचलला. कुणीतरी म्हातारा माणूस आहे. जेवलास का, म्हणून विचारतो." त्यांनी कप खाली ठेवला. "सभ्य वाटला बोलण्यावरून. राँग नंबर म्हणायचं जिवावर आलं."

शैलजाने त्याच दिवशी हत्तरगे सरांना जाऊन सांगितलं की, माझा वर्ग सगळ्यात शेवटी घ्या. उजळणी चालू आहे, मुलांना रंगाच्या वासाचा त्रास होईल. सरांनी कॅलेंडर पाहिलं. "परीक्षा मेच्या पहिल्या रविवारी आहे. आदल्या शनिवारी शेवटचा तास. शुक्रवारपासून पेंटर लागेल. त्यापुढे नाही जमणार."

चिंचोडीतले दिवस वर्गातल्या दिवसांबरोबरच एकेक करून पुढे सरकत होते, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. इथे एक दिवस गेला की तिथेही एक दिवस उलटलेला असे. महानंदाचं पोट उतरत चाललं होतं. आणि अंगण रोज एका फरशीने वर्गात येत होतं. बाकांची पहिली ओळ काढावी लागली, मग दुसरी. मुलं तक्रार न करता दप्तरं उचलून मागे सरकत. आफ्रीन भिंतीकडेला आली, तरी पुढेच बसली.

शैलजा आणि महानंदा यांच्यात दीड वर्षाचं अंतर. आई लवकर गेली. वडील साखर कारखान्यात पाळीवर जात, त्यामुळे घर कुणीतरी बघायला हवं होतं, आणि दहावीनंतर महानंदाने आपणहून शाळा सोडली. अक्का डॉक्टर होणार, हे तिनेच गावभर सांगून ठेवलं होतं. चुलीपुढे बसून एका हाताने भाकरी थापायची आणि गुडघ्यावर पुस्तक उघडं ठेवून अक्काला प्रश्न विचारायचे, असं वर्षभर चाललं. पिठाची बोटं पानांवर उमटत. उत्तर चुकलं की ती भाकरी उलटायची थांबायची. पुढे तिचं लग्न झालं, आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली तेव्हा शैलजा लातूरला वसतिगृहात राहून दुसऱ्यांदा वैद्यकीयच्या सीईटीची तयारी करत होती. महानंदाने पत्र पाठवलं. एक दिवस येऊन जा अक्का, मला बरं वाटत नाही. शैलजाने उलट टपाली लिहिलं, पेपर झाला की त्याच गाडीने येते.

पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी महानंदाला झटके आले. वडील कामावर होते. संध्याकाळपर्यंत ती गेली, पोटातलं बाळही गेलं. पेपर होऊ दे, असं वडिलांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी परीक्षा केंद्राच्या फाटकाशी ते हातात पिशवी घेऊन उभे होते, आणि शैलजाने त्यांना आधी सांगितलं की, पेपर चांगला गेला.

यादीत तिचं नाव आलं नाही. चार गुण कमी पडले.

चौथ्या आठवड्यात मानवी प्रजनन हा धडा आला. शैलजाने तो दोन दिवस पुढे ढकलला. मग ढकलायला दिवस उरले नाहीत. ती म्हणाली, "गर्भ टिकवून ठेवणारं, वारेतून स्रवणारं संप्रेरक कोणतं?"

वर्गातून कुणी हात वर करण्याआधी मागून आवाज आला, "प्रोजेस्टेरॉन."

महानंदा सूप बाजूला ठेवून ऐकत होती. मुलांनी वहीत लिहून घेतलं. शैलजाच्या ध्यानात आलं की, हाक मारलेली महानंदाला ऐकू जात नाही, पण शिकवलेलं जातं.

"मॅडम," आफ्रीन हळूच म्हणाली. "त्यांचे पाय सुजलेत."

महानंदाचे पाय बाजेखाली लोंबत होते. घोटे दिसत नव्हते. जोडवी मांसात रुतली होती. मधूनच ती कपाळ दाबून डोळे मिटत होती. एकोणीस वर्षांच्या शैलजाने हे पाहिलं असतं तरी तिला काही समजलं नसतं. आता तिला सगळं समजत होतं. अठरा वर्षं ती दुसऱ्यांच्या मुलांना हेच समजावत आली होती.

तिने पुस्तक मिटलं.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "गरोदर बाईचे पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर ते साधं दुखणं नसतं. रक्तदाब वाढलेला असतो. तिने त्याच दिवशी दवाखाना गाठला पाहिजे."

"हे अभ्यासक्रमात आहे का?" मागच्या ओळीतल्या एकाने विचारलं.

"लिहून घे," आफ्रीन त्याला म्हणाली.

महानंदाने पहिल्यांदा शैलजाकडे नीट पाहिलं. पिकलेले केस, चष्मा, गळ्यातलं क्लासचं ओळखपत्र. तिच्या चेहऱ्यावर ओळख उमटली नाही. परगावच्या मास्तरणीला दाखवतात तेवढी अदब मात्र आली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"जाते की, बाई," ती म्हणाली. "आमची अक्का आली की तिच्यासंगं जाते."

शैलजाने वर्गाकडे तोंड केलं.

"लिहून घ्या. बाईने कुणाची वाट पाहू नये. एकटीने जावं. निलंग्याच्या दवाखान्याला जायला साडेअकराची गाडी असते."

पेनं चालली.

"पुढे लिहा. बहीण येणार आहे असं तिला वाटत असतं. बहीण येत नाही."

मुलांनी तेही लिहिलं. महानंदा हसली. तिच्या डाव्या गालावर पडणारी बारीकशी खळी शैलजा साफ विसरून गेली होती.

"बाई, तुम्ही आमच्या अक्काला वळखत नाही," महानंदा म्हणाली. "ती शब्द दिल्यावर येतेच."

पुढचे आठ दिवस शैलजाने दुसरं काही शिकवलं नाही. तिने रक्तदाब शिकवला, मूत्रपिंड शिकवलं, झटके का येतात ते शिकवलं, झटका आल्यावर कुशीवर कसं वळवायचं ते एका बाकाला आडवं करून दाखवलं. महानंदा प्रत्येक शब्द मन लावून ऐके. अधूनमधून शंका विचारी, आणि शंका बरोबर असत. शेवटी म्हणे, "समदं पटतंय बाई. अक्काला सांगते." रोज साडेअकराला लातूरहून गाडी येऊन रस्त्यावर थांबे. महानंदा मान उंच करून बघे. कुणी उतरत नसे. गाडी निलंग्याकडे निघून जाई.

काही पालकांनी तक्रार केली. हत्तरगे सर दारात येऊन उभे राहिले. अंगण तोवर निम्म्या वर्गाच्या पुढे आलं होतं आणि मुलं वऱ्हांड्यात खुर्च्या टाकून बसली होती.

"मॅडम, यातला एक तरी प्रश्न पेपरला येणार आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"मग हे कुणासाठी चाललंय?"

शैलजाने मागे हात केला. हत्तरगे सरांनी बाजेकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी आपल्या हाताच्या तळव्याकडे पाहिलं, तिथे काहीतरी लिहिलेलं असावं आणि ते पुसलं गेलं असावं, तसं. "पेंटर उद्या येतोय," म्हणून ते गेले.

शुक्रवारी पेंटरने दोन्ही कडांकडून रंगवायला घेतलं. पडवी गेली. चूल दिसायची ती खिडकी गेली. संध्याकाळी शैलजा घरी पोळ्या लाटायला बसली तेव्हा, आईच्या हातची भाकरी कशी लागायची, हे आठवायला गेली आणि तिला आठवलं नाही. मग तिने महानंदाचा चेहरा आठवून पाहिला. तो होता. तिने तो एका कागदावर लिहून काढायचा प्रयत्न केला. डाव्या गालावर खळी, इतकंच लिहिता आलं.

शनिवारी शेवटचा तास होता. मुलं प्रवेशपत्रं घेऊन आली, पाया पडली आणि दहाला निघून गेली. आफ्रीन थांबली होती. तिने वही छातीशी धरली होती.

"मॅडम, मी सगळं लिहिलंय," ती म्हणाली. "मला लागेल ना हे?"

"लागेल," शैलजा म्हणाली. "जा. आज लवकर झोप."

आफ्रीन गेल्यावर पेंटर शिडीवरून उतरला. दाराएवढी एक पट्टी उरली होती, तिच्यात बाज, महानंदा आणि पलीकडे रस्त्याचा तुकडा. "जेवून येतो, मग एवढं उरकतो," तो म्हणाला.

सव्वाअकरा वाजले होते. महानंदा दोन्ही हात बाजेला टेकून बसली होती. चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते. शैलजाने चष्मा पुसला, चपला काढल्या आणि ती अंगणात उतरली. माती तापलेली होती. तळव्यांना चटका बसला. वाऱ्याला कडुलिंबाचा कडवट वास होता. महानंदाच्या केसांना लावलेल्या करडीच्या तेलाचा वास येईपर्यंत ती पुढे गेली आणि बाजेसमोर उभी राहिली.

"महानंदा," ती म्हणाली. "मी आले."

महानंदाने मान वर केली. तिला ऐकू आलं होतं. तिने शैलजाच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून, मग कमरेजवळून रस्त्याकडे बघायचा प्रयत्न केला. दुरून गाडी गिअर बदलत असल्याचा आवाज येत होता.

"बाई," महानंदा दमलेल्या आवाजात म्हणाली, "जरा बाजूला सरा. गाडीतून कोण उतरतंय ते दिसंना."