तेवीस शुभेच्छुकांचा फ्लेक्स

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यातील दुसऱ्या रविवारी, सकाळी ठीक साडेदहा वाजता, पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात, मौजे वरवंड येथे, पुणे–सोलापूर महामार्गाच्या सेवा रस्त्यालगत, चहाच्या टपरीसमोर मला उभे करण्यात आले. स्थळ आणि वेळ मी मुद्दाम आधी नोंदवतो. माझ्याविषयी पुढे इतके काही बोलले गेले, की निदान एवढे तरी वादातीत राहावे अशी माझी इच्छा आहे.

मी एक जुना फ्लेक्स आहे. मित्रांनो, जुना म्हटल्यावर तुम्ही वर्षे मोजू लागाल. तसे करू नका. आमच्या जातीत दहा दिवस टिकला तो प्रौढ आणि महिना टिकला तो वृद्ध. मी तर नऊ आठवडे पाहिले. आज मी शिरूर तालुक्यातील निमोणे गावी एका शेतात, कांद्याच्या ढिगावर दुहेरी घडी करून पसरलेला आहे. घडी दुहेरी केली, कारण माझ्या अंगाला ठिकठिकाणी भोके आहेत. ती वाऱ्याने पाडली नाहीत. माणसांनी पाडली, तीही नीट मापून.

माझा जन्म दौंडला, स्टेशनजवळच्या एका छपाईच्या दुकानात झाला. वरवंडच्या राहिल इनुस मुलाणी या चोवीस वर्षांच्या तरुणाची देशाच्या फुटबॉल संघात आघाडीचा खेळाडू म्हणून निवड झाली होती, आणि परदेशात होणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी तो विमानात बसलासुद्धा होता. गावातील तरुण मंडळाचा अध्यक्ष इंद्रजीत याने लगोलग दुकान गाठले. संगणकावर जास्मिन नावाची मुलगी बसली होती.

“दादा, खेळाडूचा फोटो तुम्ही पाठवला त्यो लग्नातला हाय. शेरवानी हाय अंगात.”

“त्याच्या बहिणीच्या लग्नातला हाय, सुफियाच्या. काय झालं मग? मुंडकं घे नुसतं. खाली एखाद्या परदेशी प्लेयरचं अंग लाव. चांगलं भरलेलं बघ.”

“आन् तुमचा फोटो केवढा घेऊ?”

“माझा आपला बारीकच. खेळाडूच्या मुठीएवढा.” इंद्रजीतने वाकून संगणकाच्या पडद्यावर पाहिले. “म्हंजी, डोक्याएवढा केला तरी चालंल.”

अशा रीतीने मी सिद्ध झालो. पंधरा फूट रुंद, दहा फूट उंच. मध्यभागी राहिलचा हसरा चेहरा आणि त्याखाली कोणा अज्ञात परदेशी मल्लाचे खांदे, छाती आणि मांड्या. उजवीकडे काळा चष्मा लावलेला इंद्रजीत. तळाशी ओळीने बावीस छोटी छायाचित्रे. इंद्रजीतसह एकूण तेवीस शुभेच्छुक. आमच्या भागात कोणाचेही अभिनंदन एकट्याने होत नाही. अभिनंदन करणाराही दिसावा लागतो, किंबहुना तोच आधी दिसावा लागतो. त्यात पंचायत समितीची निवडणूक जवळ आली असेल, तर बोलायलाच नको.

माझी लोखंडी चौकट इनुसभाईंनी स्वतः बांधली. राहिलचे हे वडील उसाच्या ट्रॉल्या जोडण्याचे वेल्डिंगचे दुकान चालवतात. चौकटीचा प्रत्येक जोड त्यांनी दोनदा भरला होता. समोरच्या टपरीच्या मालकीणबाई साखरबाई म्हणाल्या, “इनुसभाई, फ्लेक्स बांधताय का रेल्वेचा पूल?” त्यावर ते लाजून हसले होते.

पहिल्या सायंकाळी माझ्याशेजारी पांढरा पडदा लावून सामना दाखवला गेला. ताशा होता, पेढे होते, सातशे माणसे होती. विसाव्या मिनिटाला राहिलसमोर मोकळा चेंडू आला. गोल जेमतेम सहा पावलांवर होता. त्याने मारला, आणि चेंडू खांबाबाहेरून निघून गेला. सामना बरोबरीत सुटला.

“पहिलाच सामना हाय, पाय बसायचाय अजून,” लोक म्हणाले आणि पेढे संपवून गेले.

दुसऱ्या सामन्यात त्याला एकसष्टाव्या मिनिटाला बाहेर बसवण्यात आले. संघ एका गोलाने हरला.

“आरं, त्याला पास तर येऊ द्या!”

“पास आला तर बघत बसतोय. लग्नातल्या फोटोवानी.”

“फ्लेक्सवर बघ कसा दिसतोय, बैलावानी. आन् तिथं ढकलला की पडतोय.”

मित्रांनो, येथे मला एक मुद्दा मांडायचा आहे, आणि तो तुम्ही शांतपणे ऐकावा. राहिल शरीराने सडपातळ आहे. त्याचा गुण धावण्यात आहे, धडक देण्यात नाही. बैलासारखे जे अंग लोक माझ्यावर पाहत होते, ते त्याचे कधीच नव्हते. ते दौंडच्या दुकानात चिकटवलेले होते. तरीही चौकातला प्रत्येक जण माझ्याकडे पाही, मग पडद्याकडे पाही, आणि पडद्यावरचा माणूस माझ्यापेक्षा उणा निघाला म्हणून चिडे. मी खोटा होतो आणि शिक्षा खऱ्याला होत होती. मला वाचा असती, तर त्या सायंकाळीच मी हे ओरडून सांगितले असते.

तिसरा सामना जिंकणे अनिवार्य होते. दोन्ही संघांचा एकेक गोल झालेला. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला आपल्याला पेनल्टी मिळाली आणि ती मारायला राहिल पुढे आला. चौकात इतकी शांतता पसरली, की महामार्गावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानेही गाणे बंद केले. राहिलने चार पावले मागे घेतली. तो धावला. चेंडू आडव्या खांबावरून उंच, प्रेक्षकांत जाऊन पडला. आपला संघ स्पर्धेबाहेर गेला.

 प्रथम एक दगड आला आणि माझ्यावरच्या राहिलच्या कानाजवळ फाटले. नंतर सर्वांना एकदमच कंठ फुटला. मोबाइल उघडले गेले आणि त्यांतील शिव्या मोठ्याने वाचून दाखवल्या जाऊ लागल्या. त्या गलक्यात कोणी एक म्हणाला, “मुद्दाम घालवली त्यानं पेनल्टी. कळतंय की समद्यांना, का ते.”

इनुसभाई पाच हातांवर उभे होते. त्यांनी मान खाली घातली. साखरबाईंनी मात्र हातातली किटली टेबलावर आपटली. “व्हय का रं? आन् तुझ्या पोराचं बारावीचं गणित गेलं, ते बी मुद्दाम का?”

लोक हसले, पण ते हसणे फार काळ टिकले नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत पहिला शुभेच्छुक आला. त्याने इकडेतिकडे पाहिले, खिशातून ब्लेड काढले, तळाच्या ओळीतील आपले छायाचित्र चारी बाजूंनी कापले आणि गुंडाळून खिशात घातले. थोड्या वेळाने दुसरा आला. दोघे वाटेत भेटले, तेव्हा पहिला म्हणाला, “दूध घालाया आल्तो.” त्याच्या हातात किटली नव्हती. तीन दिवसांत एकवीस चौकोन गेले. तळाच्या ओळीत एकच चेहरा उरला, आणि तोही निष्ठेमुळे नव्हे. त्याचा मालक चाकणला कंपनीत होता आणि त्याला रजा मिळाली नव्हती.

ब्लेडची मला वेदना झाली नाही. आम्हांला वेदना नसते. पण आठ दिवसांपूर्वी हीच माणसे आपला चेहरा ठळक दिसतो की नाही, हे माझ्यासमोर उभी राहून तपासत होती. मला आश्चर्य वाटले ते त्यांच्या कारागिरीचे. एकानेही शेजाऱ्याच्या छायाचित्राला धक्का लावला नव्हता.

गुरुवारी दुपारी इनुसभाई आणि त्यांची पत्नी मुमताजबी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. इनुसभाईंच्या हातात पक्कड होती.

“उद्या पोरगं येतंय. त्याच्या नजरेला हे पडायला नको. काढून टाकतो.”

“सुफियाचे अब्बा, हात लावू नका,” मुमताजबी म्हणाल्या. “त्यांनी लावलंय, त्यांनीच काढावं. आपन काढलं तर लोक म्हणतील ते कबूल केल्यासारखं व्हईल.”

“लोक उद्या ह्याला काळं फासणार हायती. ऐकलंय मी.”

“मग फासू द्या. पोरगं म्हणतंय काय, ते तरी ऐकलंत का? फोनवर एकच बोललं. आता खेळत न्हाई म्हणतंय. दुकानात हाताखाली घ्या म्हणतंय. त्याचा खेळ सुटतोय, आन् तुम्ही फ्लेक्स सोडवत बसलाय.”

इनुसभाईंनी पक्कड खिशात घातली. मला ती बाई थोर वाटली. मी अवघा दीडशे चौरस फुटांचा कापडपट्टा. खरी हानी कोठे होत आहे, हे तिने एका वाक्यात दाखवून दिले होते.

शुक्रवारी दुपारी चार वाजता इंद्रजीत शिडी घेऊन आला. मागे चाळीसएक माणसे होती, बहुतेकांचे मोबाइल वर धरलेले. तो चढला, त्याने प्रथम स्वतःचा चेहरा कापून घेतला आणि खालच्या एका कार्यकर्त्याकडे दिला. मग ट्रॅक्टरच्या जळक्या ऑइलचा डबा वर मागवला.

“इंद्रजीतराव, खाली उतरा,” इनुसभाई गर्दीतून पुढे आले आणि त्यांनी शिडीचा पाय धरला.

“इनुसभाई, मधी पडू नका. गावाची इज्जत गेलीय.”

“फोटो माझ्या पोराचा हाय.”

“फ्लेक्स मंडळाचा हाय!”

“आन् चौकट माझी हाय. उतरा, न्हाईतर शिडी वढतो.”

दोन तरुणांनी इनुसभाईंचे दंड पकडले. शिडी हलली. डब्यातील काळे तेल डुचमळून परदेशी मल्लाच्या खांद्यावर ओघळले. साखरबाई ओरडल्या, “आरं, पडंल कुनीतरी, पडंल!” इनुसभाईंच्या मुठी सुटेनात. इंद्रजीतचा एक पाय पायरीवरून निसटला. आणखी एक झटका बसला असता, तर बारा फुटांवरून माणूस डांबरावर आला असता, आणि त्यानंतर या चौकात काय काय घडले असते, याचा विचार मी अद्यापही पुरता करू शकत नाही.

त्याच क्षणी दौंडकडून एक मोटारसायकल आली. चालवणारे भिमाजीआप्पा होते. निमोण्याचे हे गृहस्थ (पुढे मला कांद्यावर नेले ते यांनीच) रेल्वेतून निवृत्त झालेले; दौंडच्या रेल्वे मैदानावर तीस वर्षे मुलांना फुटबॉल शिकवत आले आहेत. राहिलच्या पायाला पहिला चेंडू त्यांनीच दिला. मागे राहिल बसला होता, मांडीवर पिशवी घेऊन. त्याला आणायला ते स्वतः स्टेशनवर गेले होते.

राहिल उतरला. लोक आपोआप बाजूला झाले. पंधरा फुटांवरचे माझे हसणे आणि समोरचा तो न झोपलेला चेहरा यांत काहीही साम्य नव्हते.

“अब्बा, शिडी सोडा.”

इनुसभाईंनी सोडली.

“इंद्रजीतदादा, खाली ये. आन् ते ब्लेड दे जरा.”

“कशाला?” इंद्रजीत एकेक पायरी चाचपत खाली आला. पडता पडता वाचल्याचे त्याच्या ध्यानात आले होते.

“समद्यांनी आपापला फोटो नेला. माझाच राहिला व्हता. त्यो मी नेतो.”

राहिल शिडी चढला. गळ्यापाशी ब्लेड टेकवून त्याने तो मोठा हसरा चेहरा सावकाश, गोल कापला. कोणी शिट्टी मारली नाही. त्याने चेहऱ्याची गुंडाळी केली आणि काखेत धरून तो खाली उतरला. इंद्रजीतच्या हातात तेलाचा डबा तसाच होता. फासायला आता चेहराच उरला नव्हता. वर धरलेले मोबाइल एकेक करून खिशात गेले.

“अब्बा, उद्यापासनं दुकानात येतो,” राहिल म्हणाला. मुमताजबींनी तोंडाला पदर लावला.

मित्रांनो, पुढचे सांगण्यापूर्वी माझी एक विनंती ऐका. टीका करू नका, असे मी म्हणणार नाही. जो मैदानात उतरतो, त्याच्या चुका मोजल्या जाणारच, आणि त्या मोजल्या जाव्यात. परंतु एखाद्याचे कौतुक करायचे असेल, तर ते त्याच्याच अंगाचे करा, दुसऱ्याचे अंग त्याला चिकटवून करू नका. आणि त्याच्या चेहऱ्याशेजारी आपला चेहरा लावण्याची हौस असेल, तर तो पडत्या दिवसांतही तेथेच ठेवण्याची तयारी करूनच लावा. तेवढी तयारी नसेल, तर माझी जागा कांद्यावर बरी. येथे निदान मी काहीतरी झाकतो.

त्या दुपारी गर्दी पांगायला तयार नव्हती. निकाल लागल्याखेरीज आमची माणसे जागची हलत नाहीत. शेवटी इंद्रजीतनेच डबा खाली ठेवला आणि विचारले, “आप्पा, तुम्ही जाणकार. तुम्हीच सांगा. पोरगं चुकलं का न्हाई?”

भिमाजीआप्पांनी मोटारसायकल स्टँडवर लावली. घाई केली नाही.

“चुकलं. मारताना अंग मागं टाकलं, म्हणून चेंडू वर गेला. ती ह्याची चूक. ती उद्या सकाळी सहाला ग्राउंडवर मी ह्याच्याकडनं काढून घेतो, दुकान-बिकान दुपारी. बाकी आठ दिवस हितं जे झालं, ती तुमची चूक.”