मावशीच्या चेहऱ्याचं कापड

बस रे, ती खुर्ची ओढ. आमच्या ह्यूस्टनमध्ये एका धडधाकट बाईसाठी लोकांनी गळे काढले आणि त्यातनं एका पोरीचा धंदा उभा राहिला, ती गोष्ट सांगतो. मध्ये हसलास तर चालेल, उठलास तर नाही.

पोरीचं नाव उझोअमाका. सगळे उझो म्हणतात. आईच्या कडेवर बसून नायजेरियातनं इकडे आली, ती इथलीच झाली. हात मात्र असा, की कोळशाचा तुकडा दिला तरी भिंतीवरचा माणूस बोलायला लागेल. इस्पितळातली नोकरी सोडून गॅरेजमध्ये चित्रं काढत बसली. बघायला यायचे सगळे. "काय सुंदर गं!" म्हणायचे, भात-कोंबडी हाणायचे आणि हात पुसून घरी. विकत कुणी घेईना. आमच्या इग्बो माणसांचं कसं आहे, भिंत उघडी राहिली तरी चालेल, अंग सजलं पाहिजे. हे उझोला उशिरा कळलं, पण कळलं. म्हणाली, चित्रं कापडावर छापते.

तेवढ्यात यामचा सण जवळ आला. नवा कंद कापायचा, भाजायचा, आणि गावच्या बायकांच्या मंडळानं एकसारखं कापड नेसून नाचायचं. दरवर्षी ते कापड म्बाफोर नावाच्या बाईच्या दुकानातनं येतं. या वर्षी मंडळाची अध्यक्षीण ओयिदिया मावशी उझोला म्हणाली, "पोरी, एक नमुना कर. बायकांना आवडला तर काम तुझं. नाही आवडला तर गुपचूप इस्पितळात परत जा, आईच्या डोक्याला ताप देऊ नकोस." इस्पितळानंही तिची जागा महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवली होती. म्हणजे बघ, सगळं आलं त्या एका नमुन्यावर.

उझोनं डोकं चालवलं. अध्यक्षीणबाई खूश झाली की बाकीच्या मागनं येतील. मग तिनं मावशीचाच चेहरा काढला मधोमध. डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर शांत हसू, भोवती आमच्या जुन्या बायका अंगावर काढायच्या तशा काळ्या वळणदार रेषा, आणि मागे सगळं पांढरंशुभ्र. चर्चच्या काचेवरची संतीण झक मारेल असं चित्र. ते कापडावर छापलं, त्याचा झगा शिवला, अंगात घातला, फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि अंघोळीला गेली.

आता ही चूक इकडे वाढलेल्या पोरीलाच जमावी. पुढाऱ्यांचे चेहरे झग्यांवर असतात ते सोड, पण आमच्यात साध्यासुध्या बाईचा चेहरा असा पांढऱ्या कापडावर येतो तो तिला पुरताना. अख्खं घराणं ते नेसून फिरतं. पण पुरणं-बिरणं होतं तिकडे गावी, उझोनं कधी बघितलेलंच नाही.

अंघोळ करून आली तर फोन टेबलावर थुईथुई नाचतोय. तिकडे नायजेरियात, ओनित्शाहून मावशीचा धाकटा भाऊ, ओग्बोन्नामामा; फोटो फिरत फिरत तिथवर पोचला होता.

"माझ्या बहिणीची बातमी मला झग्यावरनं कळावी? माणसं मेली का सगळी तिकडची?"

"मामा, कसली बातमी?"

"डोळे मिटलेत तिचे! मी बघितलं!"

"अहो, अर्धेच मिटलेत!"

"अर्धे काय नि पूर्ण काय, गेली ना ती!"

उझोनं मावशीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. आता चित्र हिनंच काढलेलं, पण हिच्याच तोंडचं पाणी पळालं. ओल्या केसांनी गाडी हाणत मावशीच्या घरी पोचली. बाहेर गाड्याच गाड्या. शेजारणीकडची किल्ली आणून बायकांनी घर उघडलं होतं. आत मॉल्टच्या गोड पेयाच्या बाटल्या, बकऱ्याच्या रश्शाची पातेली, आणि मधोमध म्बाफोर छाती बडवतेय. ही आणि मावशी कैक वर्षं एकमेकींच्या जेवणात मीठसुद्धा घालत नव्हत्या.

उझो मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरली, तर ओट्याला टेकून ओयिदिया मावशी उभी. केस नुकते विणून घेतलेले, ताठ, चकचकीत. सकाळपासून केसवालीकडे बसली होती आणि फोनचा जीव गेला होता.

"मावशी! तू..."

"शू! तोंड बंद. ऐकू दे."

बाहेरच्या खोलीत म्बाफोर हुंदके देत होती. "नवरा मला टाकून गेला तेव्हा हिनंच माझ्या पोरांना जेवू घातलं! आणि मी गावभर हिला चिक्कू म्हणत फिरले! ओयिदिया गं, ऊठ, मला एक शिवी तरी दे!"

मावशीनं डोळ्यांना बाही लावली. "बघ, सटवी. जिवंत होते तेव्हा दातखीळ बसली होती हिची."

"मावशी, तू जिवंतच आहेस."

"गप. पुढची काय बोलतेय?"

पुढची बोलली नाचाबद्दल. तिसरी बोलली, मावशीनं तिला रणरणत्या उन्हात गाडी चालवायला शिकवलं. मावशी एकेकीला मान डोलवत दाद देत होती. मग कुणीतरी नाक शिंकरत म्हणालं, "सगळं चांगलं होतं बाईचं. फक्त एगुसीच्या बियांच्या सूपात मासा जरा कमी घालायची."

संपलं. मावशी दार ढकलून थेट बाहेरच्या खोलीत. "माझ्या सूपात? मासा कमी?"

एक बाई सोफ्याच्या मागे गेली. एक येशूला हाका मारत टेबलाखाली. म्बाफोरची तर बोबडीच वळली. हळूच पुढे होऊन तिनं मावशीच्या दंडाला चिमटा काढला, आणि मावशीनं हवी होती ती शिवी दिली तेव्हा गळ्यात पडून रडली.

मग मावशी वळली उझोकडे. "तू! मला जिवंतपणी पुरलंस! हे कापड सणाला कुणी नेसणार नाही."

झालं, उझोचं काम गेलं. म्हणजे इस्पितळ. बायकांनी रश्शाची पातेली मात्र उघडली, आणलेलं वाया का घालवा. मावशीनं भाजलेल्या यामचा एवढा मोठा तुकडा लाल तेलात बुडवून तोंडात कोंबला. गाल फुगलेला, तेल हनुवटीवर, एक बोट उझोवर रोखलेलं, आणि शिव्या चालूच. उझो बघत राहिली. मग पर्समधनं पेन्सिल काढली आणि म्बाफोरनं आणलेल्या खोक्यावर भराभर रेषा ओढायला लागली.

"मी बोलतेय आणि तू चित्र काढतेस?"

"मावशी, मेलेलं माणूस खात नाही ना?"

बायका खोक्याभोवती जमल्या. तोंडभर याम, रोखलेलं बोट, मोठ्ठे उघडे डोळे. आधी म्बाफोर खिदळली, मग सगळ्याच.

"पांढरं नको," मावशी घास गिळून म्हणाली. "तेलासारखं लाल कर. आणि हनुवटी एवढी मोठी नाहीये माझी."

"आहे," म्बाफोर म्हणाली. "आणि पोरी, पुढचं कापड माझं. बकऱ्याची तंगडी खाताना काढ. माझं कौतुक मलाही आत्ताच ऐकायचंय. कापड आलं की सगळ्याजणी माझ्याकडे येऊन बोला, मी मध्ये तोंड घालणार नाही." आणि हो, उझोची कापडं आपल्याच दुकानात विकायची, हेही तिनं तिथेच ठरवून टाकलं.

सणाला सगळं मंडळ लाल कापडात नाचलं, प्रत्येकीच्या पोटावर तोंड भरलेली मावशी. ओग्बोन्नामामानं तिकडनं फोनवर बघितलं आणि भोकाड पसरलं, यावेळी आनंदानं. उझो इस्पितळात गेली ती निरोप सांगायला, आणि येताना तिथल्या दोन नर्सबायांकडून त्यांच्या आयांच्या कापडाचं काम घेऊन आली.

तर बाबा, एवढं ऐक माझं. इकडे कुणा बाईच्या झग्यावर चेहरा दिसला तर आधी त्याचं तोंड बघ. भरलेलं असेल तर दुखवट्याचं बोलू नकोस, उझोकडे जा आणि आई धडधाकट आहे तोवर तिचंही एक काढून घे. आणि मावशीकडे जेवायला बसलास तर पोटभर सूप ओरप, पण हात जोडतो, माशाबद्दल चकार शब्द काढू नकोस.