दोन बोटं जागा

"ही लेखनपद्धती मी गेल्या दोन वर्षांत विकसित केली," जितेंद्र व्यासपीठावरून म्हणाला आणि देवपूरच्या त्या सभागृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हातांना काय, सवय असते.

शेजारी बेबाबाई बसली होती. सभागृहाची झाडलोट तीच करते. माझ्या मांडीवरच्या नव्या पुस्तकाकडे, आमच्या मंडळाच्या कॅसेटींच्या छापील सूचीकडे, बघत तिने विचारलं, "अक्का, यामा तुन्हं नाव कोठे शे?"

"आभारात आहे. मंडपवाल्याच्या खाली."

"बठ्ठं तर तूच लिखेल शे ना वं!"

लिहिलं होतं खरं. दिवसा पोस्टात शिक्के मारायचे आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या संगीत मंडळाच्या कॅसेटींवर पट्ट्या लिहायच्या, असं सव्वीस वर्षं चाललं. रागाचं नाव, मग आडवी रेघ, लय आणि ताल, दोन टिंबं, आणि बंदिशीचे पहिले शब्द एकेरी अवतरणचिन्हांत. गायकाने न थांबता द्रुत धरली तर मध्ये तिरपी रेघ. मंडळातले लोक हसायचे. सुलक्षणाअक्का गाणं ऐकत नाही, टिंबं मोजते, म्हणायचे. मोजत होते, तर मोजत होते! पण बंदिशीचे शब्द गायकाला विचारल्याशिवाय मी कधी लिहिले नाहीत. गायक गाडीच्या घाईत निघून गेला, तर अवतरणचिन्हांत दोन बोटं जागा सोडायची, त्याला पत्र टाकायचं, उत्तर आलं की जागा भरायची. अशा एकेचाळीस जागा शेवटपर्यंत राहिल्या.

जितेंद्र हे सगळं माझ्या स्वयंपाकघरात बसून शिकला, कळण्याची भाकरी खात खात. या पट्ट्या उतरवून ठेवलेल्या माझ्या वह्या नेताना म्हणाला होता, "अक्का, पुस्तकावर पहिलं नाव तुमचं." कव्हरवर एकच नाव आहे, त्याचं. तेही मी गिळलं असतं. नावाचा सोस वाईट, असं स्वतःला बजावून घरी गेले असते. पण पुस्तक चाळलं, तर एकेचाळीसच्या एकेचाळीस जागा भरलेल्या.

चहाच्या वेळी मी त्याला गाठलं. "जितू, हे शब्द कुणाला विचारलेस?"

"मोकळ्या जागा दिसल्या की लोकांना छापायचं राहिल्यासारखं वाटतं, अक्का. त्याच रागातल्या, त्याच तालातल्या चालू बंदिशी टाकल्या. कोण बघतंय?"

मेल्या, मी बघते ना, असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात कोणीतरी त्याला फोटोसाठी ओढून नेलं.

दाराशी बन्सीलाल आबा उभे होते. मुक्ताईनगरकडचे केळीवाले, वय ऐंशीच्या पुढे. आमच्याकडे एकदाच गायले होते, त्यांच्या गुरूंनी रचलेली बंदिश. तेव्हा मी शब्द विचारले, तर गुरूंची मनाई आहे म्हणाले, त्यांच्या माघारी सांगेन. गुरू गेले, माझी तीन पत्रं गेली, उत्तर आलं नाही.

"अक्का, तुमची पत्रं मले भेटली व्हती," ते म्हणाले. "तोंडानंच सांगायचं व्हतं, म्हून आज बस धरून आलो. पन तुमी तं भरलं बी!" त्यांनी पुस्तक उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. "पन हे शब्द मले याद नही."

"आबा, हे मी लिहिलेलं नाही. पुस्तक माझं नाही. तुमचे शब्द आत्ता सांगा, मी लिहून घेते."

आबा हसले. "तुमच्याबिगर पट्टी कोन लिवते? आन् तुमी इचारल्याबिगर लिवत नही, हे मले ठावं हाये. म्हंजे कधीतरी मीच सांगितलं असन. वय झालं, अक्का. भलतंच याद ऱ्हायते."

"नाही आबा! तुम्हाला आठवतंय तेच खरं आहे. ऐका माझं!"

पण त्यांनी चष्मा सारखा केला आणि ओळीखाली बोट धरून गुरूंच्या चालीत ते परके शब्द हलक्या आवाजात म्हणून पाहिले. पहिल्यांदा समेवर अडखळले. दुसऱ्यांदा नीट बसले.