मोकळे मनगट

अंबूबाईंनी कमरेवरची कळशी सडकेच्या कडेला टेकवली. पिंपरीहून आलेल्या गाडीतून गोजाबाईंची सून शालन उतरत होती, आणि तिच्या हातांत बांगड्या नव्हत्या.

अंबूबाईंची नजर म्हणजे जकात नाका. चिंचवड गावठाणात येणारी-जाणारी बाई तिथे तपासली गेल्याशिवाय पुढे सुटायची नाही. त्यांनी शालनला वरपासून खालपर्यंत पाहून घेतले. कानाच्या वरच्या पाळीला बुगडी असायची, तिथे नुसते भोक. गळा मोकळा, डोरले दिसत नव्हते. कपाळावरचे कुंकू पुसल्यासारखे, कडेला थोडी लाली उरलेली. शालन उलट्या हाताने डोळे टिपत होती. आणि तिच्या डाव्या मनगटावर काळ्या पट्ट्याचे घड्याळ होते. ते घड्याळ साऱ्या आळीच्या ओळखीचे. लग्नात सासऱ्याने तिच्या नवऱ्याला, दत्तोबाला दिले, तेव्हा मांडवातल्या प्रत्येकाने ते कानाला लावून पाहिले होते.

नवऱ्याचे घड्याळ बायकोच्या हातावर केव्हा येते?

अंबूबाईंनी जमा-खर्च मांडला. दत्तोबा पहाटेच चाकणच्या बाजाराला गेला होता, बैल आणायला. अजून परतला नव्हता. पोरीला कंपनीतच कळले असणार. कंपनीत म्हणे फोन असतो. बाकी शून्य निघाली. भर रस्त्यात विधवेला काही विचारू नये एवढी रीतभात अंबूबाईंना होती. कळशी तिथेच सोडून त्या मधल्या बोळाने निघाल्या.

बोळाच्या तोंडाशी बातमीत दत्तोबा नुसताच गेला होता. चार दारे ओलांडेपर्यंत त्याला बैलाने मारले. मारुतीच्या देवळापाशी त्या बैलाचा रंगही ठरला.

खरी गोष्ट अशी होती, की शालनच्या डोळ्यांत धूळ गेली होती. पिंपरीच्या माळावर नवी बांधकामे चालली होती आणि सडकेवरून दिवसभर मातीच्या गाड्या जायच्या. कुंकू कंपनीतल्या पांढऱ्या टोपीखाली पुसले गेले होते. तिथे ती औषधाच्या बाटल्या भरायच्या खात्यात होती. त्या खोलीत बांगड्या चालत नसत. काचेचा एक कण बाटलीत पडला तर सगळा माल फेकावा लागे. म्हणून दारातच साऱ्या जणींनी बांगड्या काढून आपापल्या पिशवीत टाकायच्या आणि सुटी झाली की परत चढवायच्या. कामाला लागल्यापासून शालन तसेच करत आली होती.

मात्र त्या खोलीवर देखरेख करणाऱ्या पुण्याच्या कौशल्याबाई बांगड्या परत चढवत नसत. मुळात घालतच नसत. एका हातात घड्याळ, दुसरा हात मोकळा, कानांत ज्वारीच्या दाण्याएवढे मोती, आणि मंगळसूत्र लांब साखळीत ओवून पोलक्याच्या आत सोडलेले. त्यांना पाहिले की आधी त्यांचा हातच दिसायचा. शालनने एकदा बांगड्या काढल्यावर स्वतःचा हात आरशासमोर धरून पाहिला. एवढा लांब आणि सरळ हात आपल्याला आहे, हे तिला माहीत नव्हते.

मग हळूहळू एकेक सुरू झाले. डोरले लांब दोऱ्यात ओवून झाले. बुगड्या डबीत गेल्या. गावात शिरताना डोक्यावरचा पदर हे सारे झाकून घेई. घड्याळ तर त्या पहाटे बाजाराला निघताना दत्तोबानेच काढून दिले. घरी तिने सांगितले, की कंपनीला हे काही चालत नाही. कुठपर्यंत चालत नाही, हे कुणी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. नियम खोलीच्या दारापर्यंतचा होता. शालनने त्या दिवशी तो चिंचवडपर्यंत आणला.

सासूबाई गिरणीत गेलेल्या होत्या. शालन अंगणात पाय धूत बसली होती आणि मधूनच मनगट फिरवून बघत होती. तेवढ्यात दारातून बायका आत आल्या. अंबूबाईंनी गळा काढला. शालनने वर पाहिले, आणि बायकांच्या मागे तिला छबूबाई दिसल्या.

छबूबाई उगीच कुणाच्या अंगणात येत नसत, आणि त्यांना उगीच कुणी बोलावतही नसे. लग्ना-बारशाला त्यांचे नाव कुणाच्या तोंडी यायचे नाही. पण गावात कुणाचा नवरा गेला, की त्या बाईच्या बांगड्या फोडायला छबूबाईच लागत. त्या कळत्या होण्याआधीच विधवा झालेल्या. हे काम कसे करायचे ते त्यांना चांगले ठाऊक होते.

शालनच्या हातून तांब्या सुटला. ती ओरडली नाही. भिंतीला टेकली आणि तिच्या तोंडून एवढेच निघाले, "हे चाकणला..."

"व्हय गं बाई, चाकणलाच," अंबूबाई म्हणाल्या, आणि दोघींचीही खात्री पटली.

अंगणातल्या एकीलाही बातमी कुठून आली हे माहीत नव्हते. बायकांना वाटले ती शालनकडून आली. शालनला वाटले ती बायकांकडून आली. पिठाचा डबा घेऊन गोजाबाई दारात आल्या, तेव्हा त्यांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही. छबूबाईंना पाहून त्या जिथल्या तिथे खाली बसल्या. डबा कलंडून पीठ सांडले आणि त्या पिठावर हात आपटत लेकाला हाका मारू लागल्या.

छबूबाईंनी पायरीजवळचा एक दगड उचलला आणि शालनचे मनगट धरले. त्यांचा हात कोपरापर्यंत गेला आणि परत खाली आला. फोडायला काही नव्हते. दुसरा हात पाहिला. तिथे ते घड्याळ टिकटिक करत होते. इतकी वर्षे बायकांची मनगटे धरलेल्या छबूबाई हातात दगड घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी शालनच्या गळ्याला हात घातला. पोलक्यातून लांब दोरा बाहेर आला आणि त्याच्या टोकाला डोरले.

"हे हाय की," छबूबाई पुटपुटल्या.

कुणी शहाणी असती, तर तिथेच थांबली असती. पण अंबूबाईंना रीत माहीत होती. रित्या हाताने विधी कसा व्हायचा? आधी सवाष्णीसारखे हात भरायचे, मळवट भरायचा, मग उतरवायचे. त्या शालनच्या पिशवीतून हिरवा चुडा घेऊन आल्या, आणि पुढे एखादी सवाष्णच बसली असल्यासारखे हात चोळून चोळून एकेक बांगडी चढवू लागल्या. कपाळभर कुंकू माखले.

शालन हात देऊन बसली होती. मधूनमधून ती म्हणत होती, "मी काढल्या. मीच काढल्या." बायकांनी ते दुःखाचे बोलणे समजून आणखी जोरात रडून घेतले. ती काय कबूल करत होती ते कुणाच्या ध्यानात आले नाही. आजवर खोलीच्या दाराशी उतरवलेल्या बांगड्या आज पहिल्यांदा तिने परत चढवल्या नव्हत्या, केवळ हात छान दिसतो म्हणून. आणि आजच.

छबूबाईंनी तिचे भरलेले हात एकत्र धरले.

"कोन गेलं?" दारातून कुणीतरी विचारले.

दारात दत्तोबा उभा होता. त्याच्या हातात कासरा होता आणि कासऱ्याच्या टोकाला एक तांबडा बैल. बैलाने एवढी माणसे पाहून पाऊल मागे घेतले. दत्तोबाने टोपी काढली आणि गेलेल्या माणसाचा मान ठेवायचा म्हणून ती काखेत धरून पुन्हा हळू आवाजात विचारले, "कोन गेलं, आई?"

अंबूबाईंच्या गळ्यातला हुंदका अर्ध्यावरच राहिला आणि तो बाहेर सोडावा की गिळावा हे त्यांना समजेना. गोजाबाई पिठाच्या हातांनी उठल्या, लेकापाशी गेल्या आणि बाजारात बैल तपासतात तशा त्याच्या खांद्यावरून, पाठीवरून, पोटावरून हात फिरवू लागल्या. त्याच्या सदऱ्यावर पांढरे पंजे उमटले. शालनने नवऱ्याकडे एकदा पाहिले आणि मान खाली घालून रडू लागली. मेल्याची बातमी ऐकून ती रडली नव्हती.

पुढचे सारे अंबूबाईंनी आवरले. अशा बातमीने माणसाचे आयुष्य दुप्पट होते, हे त्यांनी दोनदा सांगितले आणि पहिल्यांदा आपल्याला कुणी सांगितले ते आठवत नाही, हे एकदा. बायका पांगल्या. तेवढ्यात शेजारच्या रुक्मिणीबाईंच्या घरून पिठले-भाकरी आली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून त्यांनी लगबगीने करून पाठवली होती. परत कशी धाडायची? दत्तोबा पहाटेपासून उपाशी होता. तो ओट्यावर बसला आणि आपल्याच सुतकाची भाकरी मोडून खाऊ लागला. त्याला हसू येत होते, पण आईच्या तोंडाकडे पाहून ते भाकरीबरोबर आत जात होते.

गोजाबाई शालनसमोर येऊन बसल्या. त्यांचे स्वतःचे हात पाटल्या-गोठांनी भरलेले होते.

"हात आसंच भरल्यालं ऱ्हातील," त्या म्हणाल्या. "घरातबी आन् वाटंतबी. कंपनीला चालत नसंल तर कंपनी न्हाई."

दत्तोबा घास घेता घेता म्हणाला, की घड्याळ त्यानेच दिले होते. बैल काय त्याला वेळ विचारतात? गोजाबाईंनी त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही.

शालनला सांगता आले असते, की कंपनीचा नियम खोलीपुरताच आहे. वाटेत बांगड्या घातल्या तर कुणी अडवत नाही. तेवढ्यावर नोकरी वाचली असती. फक्त आजवरचे खोटे उघडे पडले असते. पण ती खोट्याला भीत नव्हती. आता दाराशीही बांगड्या काढायला आपला हात उचलेल की नाही, याची तिला भीती वाटत होती. आणि न काढता त्या दारातून आत जाता येत नव्हते.

"बरं, आत्याबाई," ती म्हणाली.

"हात रिकामं केलंस, म्हून घर रिकामं व्हायला आलं हुतं. देवानं सोडवलं."

छबूबाई अजून पायरीपाशीच उभ्या होत्या. मयत नाही म्हटल्यावर त्यांनी इथे थांबायचे काही कारण नव्हते, आणि जा असेही त्यांना कुणी म्हटले नव्हते. त्यांनी हातातला दगड खाली ठेवला.

"माझा चुडा कोपरापातूर व्हता, गोजा," त्या म्हणाल्या. "हळदबी उतरली नव्हती."

दत्तोबाचा हात भाकरीवरच थांबला. गोजाबाईंनी सांडलेले पीठ गोळा करायला घेतले. छबूबाई पदर सारखा करून निघून गेल्या.

भरल्या हातांनी कंपनी घेते का ते बघून ये म्हणत सकाळी गोजाबाईंनी भाकरीचे फडके दिले, पण आधी सुनेचे हात पाहिले. हात भरलेले होते. सडकेपर्यंत शालन एकेक पाऊल मोजल्यासारखी चालली. हिरव्या काचेचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटत होता. गाडी आली, ती चढली आणि रिकामी जागा पाहून बसली. शेजारी, मागच्या थांब्यावरच चढलेल्या, छबूबाई होत्या.

छबूबाईंना गावाने नदीच्या घाटापलीकडे कधी पाहिले नव्हते. त्यांनी धुतलेले लुगडे नेसले होते, मांडीवर फडक्यात काहीतरी बांधलेले होते, आणि त्या समोरच्या बाकाचा दांडा घट्ट धरून बसल्या होत्या. गाडी हलली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मग उघडले.

"तुमच्यात हात मोकळं लागत्यात म्हनं."

"आत लागतात," शालन म्हणाली. "बाटल्या भरायच्या खोलीत."

"सवाष्नींचंबी?"

"सगळ्यांचे."

"मंग कोन कसली, वळखत्यात कशानं?"

शालनने विचार केला. टोप्या घातलेल्या, तोंडाला फडके बांधलेल्या बायका तिच्या डोळ्यांसमोर आल्या. त्यांतल्या निम्म्या जणींचे घरचे तिला माहीत नव्हते.

"वळखत नाहीत, छबूआत्या."

छबूबाईंनी खिडकीबाहेर पाहिले. बाहेर माळ होता, मातीच्या गाड्या होत्या, दूरवर कारखान्याची चिमणी दिसू लागली होती. "कामावर नाव घालायला कुनाला भेटायचं?" त्यांनी बाहेर बघतच विचारले. शालनने कौशल्याबाईंचे नाव सांगितले. छबूबाईंनी ते तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिले.

गाडीने वळण घेतले. शालनचे हात मांडीवर पडले होते, जणू दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. छबूबाईंनी त्यातला एक उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"आजवर फोडल्याच," त्या म्हणाल्या. "काढून बघते एकदा."

शालनचा हात क्षणभर ताठ झाला. मग तिने तो सैल सोडला. छबूबाईंनी तिची बोटे एकत्र दाबली, अंगठा आत वळवला आणि पहिली बांगडी हळूच पुढे सरकवली. ती निघाली. दुसरीही निघाली. प्रत्येक बांगडी त्या फडक्यावर अशी ठेवत होत्या, की शेजारच्या बांगडीला तिचा धक्का लागू नये. शेवटची बोटांच्या सांध्यापाशी अडकली. छबूबाई थांबल्या.

"दुखतंय का?" त्यांनी विचारले.