मू पॉची पोळी

व्हर्नाने लांब लाकडी पट्टी पोळीखाली सरकवली आणि तव्यावर न्यायला उचलताच पोळी मधोमध फाटली. सकाळपासूनची तिसरी. कुणाचं लक्ष जायच्या आत तिने ओल्या पिठाचा गोळा करून परातीत टाकला.

शेजारच्या टेबलावर मू पॉ लाटत होती. बटाट्याची ती नॉर्वेजियन पोळी इतकी पातळ, की खालच्या कापडाच्या रेघा वरून दिसाव्यात. चर्चच्या तळघरात वार्षिक विक्रीसाठी बारा बायका राबत होत्या आणि येता-जाता प्रत्येकीचं पाऊल मू पॉपाशी थबकत होतं.

"हिची पणजी नॉर्वेची असणार गं!" कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या.

व्हर्ना हसली नाही. ब्रह्मदेश सोडून, निर्वासितांच्या छावणीत वर्षं काढून मू पॉ अमेरिकेत, मिनेसोटातल्या या नॉर्वेजियनांच्या गावात कारखान्यात कामाला आली, त्याला जेमतेम तीन वर्षं होत होती. व्हर्नाला इथे येऊन अडतीस झाली होती. तीही मूळची इथली नव्हेच; पलीकडच्या गावातल्या पोलिश घरातून लग्न होऊन आलेली. पहिली सात वर्षं तिला नुसते बटाटे सोलायला बसवलं होतं. आणि हिच्या हाती पहिल्याच वर्षी लाटणं!

"पीठ फार लावतेस तू," ती म्हणाली.

"हो का, ताई? कमी करते."

तिने कमी केलं. तरी पोळी फाटली नाही.

दुपारी व्हर्नाची सासू थोरा जिना उतरून आली. नव्वदी ओलांडलेली, नजर गेलेली. कुणीतरी लोणी-साखर लावून तिच्यापुढे ताटली ठेवली. पहिल्याच घासाला तिचं तोंड थांबलं.

"अगदी माझ्या आईच्या हातची. कोणी लाटली?"

मू पॉने व्हर्नाकडे पाहिलं.

"व्हर्नाताईंनी."

थोराने चाचपडत सुनेचा हात धरला. "शिकलीस गं बाई, शेवटी."

हात कोरडा, उबदार होता. व्हर्ना तशीच उभी राहिली. बायका माना खाली घालून कामाला लागल्या. कौतुक खोटं होतं, ते एक वेळ तिने गिळलं असतं. मू पॉने ते आपल्याला देऊन टाकावं, हे मात्र घशाखाली उतरेना.

"माझी नाही, आई. मू पॉने लाटलीय."

"कोण? ती कारखान्यातली?" थोराने हात काढून घेतला. आणखी एक घास चावला. "तरीच. कडांना जाड आहे जरा."

मू पॉचं लाटणं थांबलं. असंच काहीतरी कुणीतरी बोलावं म्हणून व्हर्ना सकाळपासून कान टवकारून होती.

"जाड नाहीये," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला. "कागदासारखी आहे."

उरलेली पोळी थोराने सावकाश संपवली, बोटांची साखर पुसली.

"आणखी एक आण," ती म्हणाली. कुणाची, ते सांगितलं नाही.

व्हर्ना क्षणभर दोन टेबलांच्या मध्ये उभी राहिली. मग मू पॉच्या ढिगातली सगळ्यात वरची पोळी तिने उचलली.